माळ्यावरची ट्रंक: मराठी घरांतल्या मे महिन्याच्या वाचनाची पार्श्वभूमी

मामाच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. राजापूर तालुक्यातलं कौलारू घर. मे महिन्यात दुपारी तो माळा भट्टीसारखा तापायचा, म्हणून ट्रंक सकाळीच खाली पडवीत उतरवायची असा आजीचा दंडक होता. कडी काढली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि त्यामागोमाग जुन्या कागदाचा. वरच्या थरात सुतळीने बांधलेले चांदोबाचे गठ्ठे. त्याखाली मुखपृष्ठ गळून गेलेल्या रहस्यकथा. तळाला मामाची शाळेची पुस्तकं, खाकी कव्हरं घातलेली. काही अंकांना कसर लागलेली होती. एकच वळणदार भोक पानापानांतून आरपार गेलेलं असायचं आणि मधली अक्षरं अंदाजाने भरून काढत वाचावं लागायचं. एका अंकावर आंब्याच्या चिकाचा तपकिरी डाग होता. तो मामा नववीत असताना पडलेला, १९६४ सालचा. मी तो अंक वाचला १९८४ मध्ये, त्याच पडवीत, हातात तसलाच आंबा घेऊन.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या वाचनाचा विषय निघाला की मला हा डाग आठवतो. आम्ही सुट्टीत जे वाचलं ते जवळजवळ सगळं जुनं होतं. कोणाच्या तरी मामाचं, आत्याचं, शेजारच्या दादाचं, वाचनालयातल्या बांधीव खंडातलं. नवं पुस्तक वाढदिवसाला किंवा बक्षीस समारंभात मिळायचं. नवा अंक दिवाळीत यायचा. मे महिन्यात उघडायची ती कपाटं आणि ट्रंका. त्यामुळे एकाच घरातल्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांनी लहानपणी अक्षरशः तीच पानं उलटली. मराठी मुलांचं वाचनविश्व म्हणून आज ज्याची इतक्या मायेने आठवण काढली जाते, ते या जुन्या कागदांच्या साठ्यातून तयार झालं. हा साठा कसा जमत गेला आणि पुढे त्यात भर पडणं का थांबलं, ते इथे मांडायचं आहे.

सुट्टीपासून सुरुवात करावी लागेल. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपायची, १ मेच्या आसपास निकाल लागायचा आणि शाळा जूनच्या मध्याला उघडायची. विदर्भात ऊन कडक म्हणून आणखी दहा-बारा दिवस उशिरा. म्हणजे साधारण दीड महिना हातात. सकाळ-संध्याकाळ खेळायला मोकळी, पण दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायला सक्त मनाई. मोठी माणसं जेवून आडवी झालेली. पत्ते काढले की भांडण, भांडण झालं की आवाज, आवाज झाला की पाठीत धपाटा. आवाज न होणारा उद्योग एकच होता. मराठी मुलांना वाचायची गोडी लावण्याचं श्रेय शाळेला आणि संस्कारांना पुष्कळदा दिलं जातं. मला वाटतं, त्यातला मोठा वाटा या चार तासांना द्यायला हवा.

त्या चार तासांत वाचायला मिळणाऱ्या मजकुराचा इतिहास मात्र बराच मागे जातो. मराठीत मुलांसाठी छापलेली पहिली गोष्टींची पुस्तकं महाराष्ट्राबाहेर तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजी राजांनी इसापच्या गोष्टी मराठीत करून घेतल्या आणि स्वतःच्या छापखान्यात छापल्या. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांचा ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये आला. मूळ फ्रेंच पुस्तक, त्याचं इंग्रजी, त्यावरून मराठी. त्याच १८२८ मध्ये रत्नागिरीत वाचनालय सुरू झालं. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पुढची दीडशे वर्षं मराठी मुलांचं वाचन ज्या दोन गोष्टींवर उभं राहिलं, दुसरीकडून मराठीत आलेली गोष्ट आणि सगळ्यांनी मिळून वापरायचं पुस्तक, त्या दोन्ही एकाच वर्षी सापडतात याचं मला राहून राहून नवल वाटतं.

नंतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केलं आणि ते तीसहून अधिक वर्षं नेटाने चालवलं. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ आलं. हेच आपटे ‘शब्दरत्नाकर’ या मराठी शब्दकोशाचे कर्ते. शब्दकोश रचणारा माणूस मुलांचं मासिक काढतो आणि तेही मनापासून, ही त्या काळाची रीत होती. मुलांसाठी लिहिणं हे दुय्यम काम आहे असं त्या मंडळींना वाटत नव्हतं, आणि ते त्यांच्या गद्यात दिसतं.

साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ खरं तर कुठल्याही ऋतूत वाचलं जातं. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ते लिहायला घेतलं गेलं आणि १९३५ मध्ये छापून आलं. आमच्या आजोळी मात्र ते सुट्टीचं पुस्तक होतं, कारण त्याची बांधणीच तशी आहे. बेचाळीस रात्री, रोज रात्री एक गोष्ट. रात्रीची जेवणं झाली की मामी कंदिलाजवळ बसून एक रात्र वाचायची आणि तिथेच थांबायची. पुढची उद्या. बेचाळीस म्हणजे बरोबर सहा आठवडे. आमची सुट्टी आणि श्यामच्या गोष्टी जवळपास एकदमच संपायच्या. श्यामचं गाव पालगड आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्यामुळे त्यातली माती, विहीर, घरातली माणसं आम्हाला ओळखीची वाटायची. शेवटच्या काही रात्री मामीच्याने वाचवत नसत. मग पुस्तक मोठ्या ताईकडे जायचं.

चाळीसच्या दशकात ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या आला. एका सालस, समजूतदार मुलाच्या या गोष्टी. त्यानंतर भा. रा. भागवत. त्यांनी १९५१ मध्ये स्वतःचं मासिक काढलं आणि त्याला नाव दिलं ‘बालमित्र’. छत्र्यांच्या पुस्तकाची आठवण त्यात होती की नाही हे त्यांनाच ठाऊक, पण सव्वाशे वर्षांनी तेच नाव पुन्हा मुलांच्या हाती आलं. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, भागवतांच्याच लेखणीतून मराठी घरांत शिरला. काडीसारखा अंगाचा, सायकलवर उधळलेला, ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा हा मुलगा शहाणपणा शिकवायला आला नव्हता, आणि तिथेच त्याचं वेगळेपण आहे. त्याच्या आधीच्या बहुतेक बालकथांमधली मुलं मोठ्यांना आवडतील अशी होती. फेणे मुलांना आवडेल असा होता. त्याची वीस पुस्तकं झाली. भागवतांचा जन्म ३१ मेचा. सुट्टी संपत आल्याची पहिली रुखरुख लागते तो हाच आठवडा.

आता चांदोबा. यावर थोडं रेंगाळायलाच हवं.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने जुलै १९४७ मध्ये मद्रासहून हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. हीच जोडी विजया प्रॉडक्शन्स या चित्रपटसंस्थेमागे होती. दक्षिणेत ज्यांचे पौराणिक चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले, त्याच माणसांनी मुलांचं मासिक काढलं होतं. चांदोबातले राजवाडे, जंगलं आणि राक्षस डोळ्यांपुढे एखाद्या चित्रपटातल्या देखाव्यासारखे उभे राहत, त्याचं कारण मला यात दिसतं. मराठी आवृत्ती एप्रिल १९५२ मध्ये सुरू झाली. परीक्षा संपण्याचाच महिना.

पत्ता होता वडपळनी, मद्रास. तो आमच्या पिढीच्या कितीतरी मुलांना पाठ होता, कारण दोन छायाचित्रांना जुळणारी शीर्षकं सुचवायची स्पर्धा असायची आणि शीर्षकं पोस्टकार्डावर लिहून पाठवायची असत. आम्ही भावंडं दर सुट्टीत पाठवायचो. बक्षीस कधी लागलं नाही. आमच्या हातातले अंक जुने होते आणि त्यातल्या स्पर्धेची मुदत वीस वर्षांपूर्वीच उलटली होती, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी मामाने समजावून सांगितलं. तरी त्याने तोवर प्रत्येक पोस्टकार्ड स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं होतं.

विक्रम आणि वेताळाच्या मूळ संस्कृत कथा पंचवीस. चांदोबात त्या पंचवीसवर थांबल्याच नाहीत. वेताळाचं कोडं, राजाचं उत्तर, मौनभंग आणि वेताळाचं पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळणं हा साचा कायम ठेवून संपादक मंडळी नव्या गोष्टी रचत राहिली, दशकानुदशकं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि अंधारातून चालणारा राजा हे चित्र शंकर यांचं. के. सी. शिवशंकरन हे त्यांचं पूर्ण नाव. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते चांदोबासाठी चित्रं काढत होते आणि २०२० मध्ये वयाची नव्वदी ओलांडून गेले. वड्डादी पापय्यांची मुखपृष्ठं, एम. टी. व्ही. आचार्य आणि ‘चित्रा’ यांची चित्रं, ही नावं आम्ही तेव्हा वाचलीही नव्हती. पण कुठलं चित्र कोणाच्या हातचं हे रेषेवरून कळायचं.

चांदोबाची मराठीही मजेशीर, जराशी परकी. मूळ तेलुगूवरून आलेली. पात्रांची नावं आमच्या गावात कोणाचीच नसायची; जमीनदार, ब्रह्मराक्षस, मांत्रिक आणि गावाबाहेरचं वडाचं झाड सारखं भेटायचं. काही वाक्यांची ठेवण दाक्षिणात्य वाटायची. पुढे शाळेत शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या बाईंना ती खटकायची. मला ती अजून आवडते, कारण गोष्ट दूरच्या देशातून चालत आली आहे असं तिच्यामुळेच वाटायचं.

क्रमशः गोष्टींचं दुखणं मात्र जुने अंक वाचणाऱ्यालाच कळेल. मधलेच अंक गायब असायचे. कधी शेवटचा अंक असायचा, पण त्याची नेमकी ती पानं फाटलेली. ट्रंकेतल्या दुसऱ्या एका मुलांच्या मासिकात एका दीपगृहावर राहणाऱ्या मुलाची गोष्ट होती. वादळाच्या रात्री त्याचा काका होडी घेऊन बाहेर पडतो आणि दिवा मुलाच्या हवाली करून जातो. इथे भाग संपायचा आणि पुढचा अंक ट्रंकेत नव्हता. माझी मामेबहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. ती रडवेली होऊन पुढे काय झालं असं विचारायला लागली, तेव्हा मी तो अंक मुंबईला वाचलाय असं सांगितलं आणि शेवट रचला. मुलगा रात्रभर दिवा लावून बसतो, पहाटे काका परत येतो. ती शांत झोपली.

ट्रंक ज्यांच्या घरी नव्हती त्यांना वाचनालय होतं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तालुक्याच्या गावीही एखादं टिळक वाचनालय किंवा नेहरू वाचनालय असायचंच. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यामुळे या संस्थांना अनुदानाची आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीची चौकट मिळाली, आणि पुढे मान्यताप्राप्त वाचनालयांची संख्या १२ हजारांच्या घरात गेली. अनुदान पुरेसं होतं असं कुठलाही ग्रंथपाल म्हणणार नाही. पण मे महिन्यात थोड्याशा अनामतीवर बालविभागाचं सभासदत्व मिळायचं ते या चौकटीमुळेच.

आमच्या मुंबईच्या घराजवळच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे जिन्याजवळची तीन कपाटं. पुस्तकं मुलांनी स्वतः हाताळायची नाहीत, यादीत नंबर बघून चिठ्ठीवर लिहून द्यायचा. एका चिठ्ठीवर पाच नंबर, पसंतीच्या क्रमाने. वरचे चार कायम ‘बाहेर गेलंय’. पाचवं जे मिळेल ते निमूट घरी. अशा पाचव्या पुस्तकांनीच मला पुष्कळ काही दिलं: विंदांच्या ‘एटू लोकांचा देश’सारख्या कविता, किल्ल्यांची माहिती, एका शास्त्रज्ञाचं चरित्र, ज्याची मागणी मी जन्मात केली नसती. पुस्तकाच्या शेवटी डकवलेल्या तारखांच्या कागदावर आपल्या आधी ते कधी कधी बाहेर गेलं होतं याची रांग असायची. पाच वर्षं कोणी न नेलेलं पुस्तक नेताना उगीचच जबाबदारी वाटायची.

१९६७ हे साल या सगळ्या हकिकतीत पुन्हा पुन्हा येतं. ग्रंथालय कायदा त्याच वर्षीचा. बालभारती, म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळ, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालं. आता पाठ्यपुस्तकांचा सुट्टीशी काय संबंध असं वाटेल, पण निकाल लागला की पुढच्या वर्गातल्या ओळखीच्या मुलाकडून अर्ध्या किमतीत त्याची पुस्तकं घ्यायची आणि मराठीचं पुस्तक मे महिन्यातच अथपासून इतिपर्यंत वाचून काढायचं, हा घरोघरचा प्रकार होता. परीक्षेची भीती न बाळगता वाचलेले ते धडे आणि त्या कविता जन्मभर टिकल्या. जूनमध्ये शिकवल्यावर त्यांची अर्धी चव गेली. याच मंडळाने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केलं. वसंत शिरवाडकर पहिले संपादक. शासकीय संस्थेचं मासिक असूनही किशोर कधी परिपत्रकासारखं वाटलं नाही. चांगले लेखक, चांगले चित्रकार आणि परवडणारी किंमत हे तिन्ही एकत्र ठेवणं फार कठीण असतं. किशोरने ते सातत्याने करून दाखवलं आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

अमर चित्र कथाही १९६७ चीच. अनंत पै यांनी दिल्लीत दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवदेवतांची उत्तरं देताना पाहिलं, आणि रामाच्या आईचं नाव मात्र त्यांना सांगता आलं नाही. तिथून ही मालिका सुचली. कृष्णाच्या पुस्तकाची चित्रं राम वाईरकरांची. त्याआधी, मार्च १९६४ मध्ये, इंद्रजाल कॉमिक्स निघालं होतं. त्यातला कवटीच्या गुहेत राहणारा मुखवटेवाला नायक मराठीत वेताळ या नावाने आला, त्यामुळे आमच्या डोक्यात दोन वेताळ शेजारी शेजारी नांदत होते, एक झाडावरचा आणि एक गुहेतला. मूळ कथांमधला ‘बंगाला’ हा देश इथे बंगालची आठवण करून देईल म्हणून त्याचं ‘डेंकाली’ केलेलं होतं. बापामागून मुलाने तोच मुखवटा चढवायचा, अशा एकवीस पिढ्या, आणि जंगलातल्या लोकांना वाटत राहायचं की हा एकच अमर माणूस आहे. मामाचे अंक वाचणाऱ्या भाच्याला ही कल्पना लगेच पटली.

कॉमिक्स घरी विकत क्वचितच यायचं. आमच्या चाळीत जिन्याखाली एक दादा सुट्टीपुरती लायब्ररी काढायचा. आडव्या दोरीवर अंक मधोमध उघडून कपड्यांसारखे वाळत घातलेले. तिथेच बसून वाचायचं तर दहा पैसे, घरी न्यायचं तर चार आणे. मुखपृष्ठं त्याच्या आईने सुई-दोऱ्याने शिवलेली असायची.

मोठ्या मुलांचं वाचन वेगळं आणि थोडं चोरून. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, धनंजय, काळा पहाड ही त्यांची माणसं. पुढे गुरुनाथ नाईक आले, भयकथांसाठी नारायण धारप, आणि कॉलेजच्या उंबरठ्यावरच्यांसाठी सुहास शिरवळकर. ही पुस्तकं एसटी स्टँडवरच्या आणि रेल्वे फलाटावरच्या स्टॉलवर मिळायची. महाडला एसटी वीस मिनिटं थांबायची. वडील वडापाव आणायला उतरायचे आणि मी स्टॉलसमोर उभं राहून जमेल तितकी पानं वाचून काढायचो. पातळ कागद, भडक मुखपृष्ठ, प्रवासात संपेल एवढी जाडी. प्रवास संपला की ती पुस्तकं मामाकडेच राहायची आणि ट्रंकेत पडायची. त्या ट्रंकेचा मधला थर असा तयार झाला होता.

सोव्हिएत पुस्तकांचा उल्लेख राहून चालणार नाही. मॉस्कोत मराठीत भाषांतर होऊन तिथेच छापलेली, जाड गुळगुळीत कागदाची, सुंदर चित्रांची पुस्तकं प्रदर्शनांतून अगदी स्वस्तात मिळायची. बर्फ कधी न पाहिलेली कोकणातली मुलं भर मे महिन्यात बर्फावरच्या घसरगाड्यांच्या गोष्टी वाचत बसायची.

कानांवर आणि डोळ्यांवर पडणाऱ्या गोष्टी याच साठ्यातून आल्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आमच्या आजोबांच्या वाचनातले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने ते आमच्याही घरात आले. विक्रम-वेताळाची मालिका १९८५ मध्ये राष्ट्रीय प्रसारणावर आली तेव्हा आजीसुद्धा खुर्ची ओढून बसली. फास्टर फेणे ऐंशीच्या दशकात पडद्यावर आला, सुमीत राघवन त्यात फेणे होता. नव्वदच्या सुमाराला ‘गोट्या’ आला आणि त्याचं शीर्षकगीत गावागावांत पोचलं. रंगभूमीवर सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ने लिटल थिएटर सुरू केलं आणि १९६२ पासून रत्नाकर मतकरींच्या ‘बालनाट्य’ संस्थेने ती वाट रुंद केली. सुट्टी लागली की बालनाट्यांचे प्रयोग लागायचे. ‘अलबत्या गलबत्या’मधली प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली त्यांनी आपल्या मुलांना २०१८ मध्ये वैभव मांगले यांची चेटकीण दाखवायला नेलं. नाटकातही तोच प्रकार, आई-वडिलांचं जुनं ते मुलांचं नवं.

हे सगळं टीव्हीने संपवलं असं सरसकट बोललं जातं. सालं नीट लावून पाहिली की ते तितकं सरळ राहत नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडलं, उपग्रह वाहिन्या घरोघर पोचण्याआधीच. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ राहिला नाही आणि ती स्वस्त, देखणी पुस्तकं आटली. कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं ते १ मे १९९५ ला, निकालाच्याच दिवशी. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि महाडचा थांबा आमच्या प्रवासातून गेला. त्याच १९९८ मध्ये चांदोबा बंद पडला. वर्षभराने पुन्हा निघाला, २००७ मध्ये एका तंत्रज्ञान कंपनीकडे गेला आणि २०१३ च्या सुमाराला कायमचा थांबला. इंग्रजी माध्यमाकडे गेलेल्या मुलांना घरातलं मराठी कपाट परकं होत गेलं, हेही त्याच काळातलं.

मला यातलं मोठं कारण वेगळं दिसतं. आधीच्या सगळ्या वस्तू वाचून झाल्यावर घरात उरायच्या. अंक उरायचा, पुस्तक उरायचं, अगदी फाटकं का होईना. पुढच्या मुलाला ते आयतं मिळायचं. १९९० नंतर घरात जे आलं ते पाहून झालं की मागे काही ठेवत नव्हतं. फ्लॅटला माळाही राहिला नाही. ट्रंकेत नवा थर पडणं थांबलं, आणि वीस वर्षांनी जे मूल दुपारी कंटाळून ती उघडणार होतं त्याच्यासाठी वर काहीच नव्हतं.

किशोर चालू आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. हे फार मोठं काम आहे. माझ्या भाचीने टॅबवर १९७० च्या दशकातले काही अंक वाचले आणि त्यातली चित्रं वहीत उतरवून काढली.

मामाचं घर दहा वर्षांपूर्वी उतरवलं. ट्रंकेतलं बरंचसं वाळवीने खाल्लं होतं, उरलेलं मामेबहिणीने नेलं. गेल्या मे महिन्यात मी दुसऱ्याच कामासाठी एका जुन्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसलो होतो. शेजारच्या मांडणीवर दीपगृहाची गोष्ट आलेल्या त्या मासिकाचे बांधीव खंड दिसले. वर्ष आठवत होतं. गोष्टीचा शेवटचा भाग सापडला, दोन पानांचा. मुलगा रात्रभर दिवा लावून बसतो. पहाटे होडी किनाऱ्याला लागते आणि तिच्यात कोणी नसतं.

संध्याकाळी मी मामेबहिणीला फोन केला आणि खरा शेवट सांगितला. ती म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं रे. काका परत आला हे सांगताना तू दोनदा थांबला होतास.”